कोयनेची पोर लाटेवर

परीक्षा संपते. पहिले चार दिवस झोपण्यात जातात, पुढचे दहा मोबाइलमध्ये. मग एका सकाळी स्वयंपाकघरातून आवाज येतो, 'नुसती लोळतेस काय, काहीतरी शीक की!' तुमच्याकडेही हेच होत असणार. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या मे महिन्यात, मी हे वाक्य जरा जास्तच मनावर घेतलं. काय शिकणार ते घरात जाहीर केलं आणि पुढचे तीन दिवस आई माझ्याशी धड बोलली नाही.

मला सर्फिंग शिकायचं होतं. आणि मी राहते कोयनानगरला.

हसू नका. नकाशा उघडून बघा. आमच्यापासून समुद्र सरळ रेषेत साठेक किलोमीटर. मध्ये सह्याद्री आडवा आहे, एवढंच. शिवाय पाणी आम्हाला काही नवं नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आम्ही अंगावर घेतो. घराबाहेर पडलं की समोर १०५ टीएमसीचं धरण. पण एक गंमत सांगते. आमच्या दहावीच्या वर्गातल्या कितीजणांना पोहता येतं ते मी एकदा मोजलं. एका हाताची बोटंसुद्धा पुरी लागली नाहीत.

कारण आमच्याकडे पाणी लांबून बघायचं. नेहरू उद्यानात उभं राहून पाहुण्यांना दाखवायचं, फोटो काढायचा, परत फिरायचं. पावसाळ्यात धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलायच्या आधी भोंगा वाजतो. तो ऐकला की नदीकाठच्यांनी मागे सरायचं. पाण्याबद्दल आम्हाला मिळालेलं शिक्षण ते एवढंच.

त्यात आमच्या आबांची गोष्ट वेगळी. त्यांचं गाव शिवसागरच्या पाण्याखाली आहे. धरण बांधत होते तेव्हा ते पोरसवदा होते. पुढे धरणाच्याच कामावर लागले आणि इथेच राहिले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंपही त्यांनी इथेच काढला. माझं सर्फिंगचं ऐकून ते एकच वाक्य बोलले. 'पाण्यानं आपलं कमी घेतलंय का, म्हणून आता तू निघालीस?'

यावर काय बोलणार? मी गप्प बसले. शेवटी मावशी मदतीला धावली. तिचं सासर गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याला. शेजारच्या आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवतात हे तिनेच सांगितलं. अटी ठरल्या. राहायचं मावशीकडे, रोज रात्री व्हिडिओ कॉल, आणि जीवरक्षकाच्या नजरेबाहेर पाऊल टाकायचं नाही. शेवटची अट नीट लक्षात ठेवा. ती मी मोडली. त्याबद्दल पुढे सांगते.

माझ्या आधी पोचलेलं पाणी

कोयनानगरहून चिपळूणची एसटी कुंभार्ली घाट उतरते, तेव्हा खिडकीतून बघताना एक गोष्ट लक्षात आली. शाळेत ती आम्ही पाठ केली होती, पण समजली कधीच नव्हती.

कोयना ही खरं तर पूर्वेला जाणारी नदी. कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी पार बंगालच्या उपसागराला जातं. पण धरण झालं आणि पाण्याचा मोठा वाटा उलटा फिरला. लवादाने ठरवून दिल्याप्रमाणे वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करण्यासाठी पश्चिमेला वळवता येतं. ते डोंगराच्या पोटातून बोगद्याने खाली येतं, पोफळीच्या भूमिगत वीजघरात टर्बाइन फिरवतं, कोळकेवाडीला पुन्हा वीज करतं आणि मग वाशिष्ठी नदीतून, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. तिथून अरबी समुद्र.

म्हणजे आमच्या धरणातलं पाणी रोज समुद्राला जात होतं. घरी बसून राहिलेलो फक्त आम्ही. चिपळूणला कोकण रेल्वेत बसले तेव्हा या विचाराने उगाचच धीर आला.

'पोहता येतं?'

सर्फिंग शिकवणारा दादा तिथलाच, रापणकारांच्या घरातला. त्याची कोकणी, माझी साताऱ्याची मराठी; आमचं मस्त जमलं. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, 'पोहता येतं?'

मी 'हो' म्हणाले. कऱ्हाडच्या तलावात आठ दिवस कठडा धरून पाय मारले होते, ते मी पोहण्यात धरलं. त्याने कंबरभर पाण्यात नेलं आणि म्हणाला, 'पाठीवर पड. हात सोड.' मी त्याचा हात असा काही धरून ठेवला की उत्तर त्याला लगेच मिळालं.

पुढचे चार दिवस बोर्डाला हात नाही. नुसतं पाण्यावर पडून राहायचं. श्वास घ्यायचा, अंग सैल सोडायचं, कान पाण्यात बुडू द्यायचे. माझ्या बाजूला पर्यटक पहिल्या दिवसापासून बोर्डावर चढून फोटो काढत होते आणि मी तिथे मेलेल्या माशासारखी तरंगत होते. रडू आलं होतं, खरंच. आता वाटतं, त्या चार दिवसांत मी सगळ्यात जास्त शिकले. समुद्राचं पाणी खारट, म्हणून जड; ते आपल्याला उचलून धरतं. आपण घाबरून आखडलो की मात्र बुडतो. हे वाचून कळत नाही. एकदा अंगाला कळावं लागतं.

पैशाचंही सांगते, कारण तुमच्या मनात तो प्रश्न आला असणारच. सर्फिंग स्वस्त नाही. दोन वर्षं लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे पहिल्या आठवड्यातच संपत आले. मग मी विचारलं, 'काही काम आहे का?' होतं. शिकवणी संपली की सगळे बोर्ड गोड्या पाण्याने धुवायचे, सावलीत लावायचे, भिजलेले टी-शर्ट वाळत घालायचे. त्या बदल्यात रोजची शिकवणी. विचारायला लाजू नका. फार तर नाही म्हणतील.

लाट येते कुठून?

पाचव्या दिवशी बोर्ड मिळाला. शिकाऊ लोकांचा बोर्ड लांबलचक, जवळपास नऊ फुटांचा आणि वरून मऊ फोमचा असतो. एका पायाच्या घोट्याला दोरी बांधतात, तिला लीश म्हणतात. तुम्ही पडलात तरी बोर्ड त्यामुळे तुमच्याजवळच राहतो. आधी वाळूवर सराव. पालथं पडायचं, हातांनी वल्हवल्यासारखं करायचं, छाती उचलायची आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन उभं राहायचं. कुठला पाय पुढे हे कसं ठरवायचं? दादाने मला मागून हलकेच ढकललं. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडला, तोच पुढचा. माझा डावा.

वाळूवर मी दहापैकी दहा वेळा उभी राहिले. पाण्यात एकदाही नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. वजन जरा पुढे गेलं की बोर्डाचं नाक पाण्यात घुसतं आणि आपण डोक्यावरून पलीकडे. जरा मागे राहिलं की लाट आपल्याला तिथेच सोडून निघून जाते. नाकातोंडात पाणी, कानात वाळू, कोपरं सोललेली. रीलमध्ये यातलं काही दिसत नाही, कारण रील पंधरा सेकंदांची असते आणि हे तीन दिवस चालतं.

चौथ्या सकाळी दादाने मला बोर्ड न देता वाळूत बसवलं. 'आज फक्त बघ. लाटा मोज.' आणि बघता बघता कळायला लागलं की लाटा कशाही येत नाहीत. चार-पाच मोठ्या एकामागून एक येतात, मग जरा शांत, मग पुन्हा चार-पाच. काही लाटा वाऱ्याने तिथल्या तिथे उठवलेल्या, आखूड आणि विस्कटलेल्या. काही मात्र लांब, संथ, एकसारख्या. त्या फार दुरून आलेल्या असतात. आपल्या उन्हाळ्यात तिकडे हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाला वादळं चालू असतात. तिथे उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून आपल्या किनाऱ्याला लागतात. कधी कधी इथे वाराही नसतो, आकाश स्वच्छ असतं, आणि समुद्र अचानक चढून येतो. केरळात त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था अशा लाटांचा अंदाज आधी देते. मासेमारीला जाणारे तो बघतात. सर्फिंग करणाऱ्यांनीही बघायचा असतो.

लाट फुटते कुठे, त्यालाही हिशोब आहे. तिची उंची तिथल्या पाण्याच्या खोलीच्या साधारण तीनचतुर्थांश झाली की तिचा तोल जातो आणि ती फुटते. म्हणून खाली वाळूचा बांध असेल तिथे लाट आधी फुटते, खोल असेल तिथे फुटत नाही. वरचं पाणी बघून खालची जमीन ओळखायची. भारीच ना?

आणि काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, मला ॲपशिवाय भरती काढायला शिकवलं. आपल्या सगळ्या कोकणपट्टीतला जुना हिशोब आहे हा. तिथीला तीनने गुणा, चारने भागा; उत्तर येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. १२ मेला बुद्धपौर्णिमा होती. मी वेळ काढली, मोबाइलवर ताडून बघितली. थोड्याफार मिनिटांचाच फरक. दिनदर्शिकेवरची तिथी मी पहिल्यांदाच उपवासाशिवाय दुसऱ्या कशासाठी तरी बघितली.

त्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी उभी राहिले. मागून दादाने बोर्ड ढकलला होता, लाट फेसाची होती, गुडघ्याएवढी. फार तर चार सेकंद. पण त्या चार सेकंदांत पाय बोर्डावर होते, बोर्ड पाण्यावर होता आणि पाणी मला घेऊन चाललं होतं. मग पडले. तोंडात पाणी गेलेलं असतानाच ओरडत होते.

मी केलेला मूर्खपणा

आता ती मोडलेली अट.

चार सेकंद उभं राहिल्यावर माणसाला वाटतं आपल्याला येतं. १४ मेच्या दुपारी बोर्ड धुवायचे होते. दादा जेवायला गेला होता. मी एक बोर्ड घेतला आणि एकटीच निघाले. जीवरक्षकाचा मनोरा आणि झेंडे लांब राहिले, कारण तिकडे गर्दी होती आणि मला पडताना कोणी बघू नये असं वाटत होतं. शिवाय मला एक छान जागा दिसली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला पट्टा शांत होता.

तो शांत पट्टा म्हणजेच धोका. किनाऱ्यावर आलेलं पाणी समुद्रात परत जायला वाट शोधतं. जिथे खोल असतं तिथून ते ओढ घेत परत जातं. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून आपल्याला ती जागा सुरक्षित वाटते. पाण्याचा रंग थोडा गढूळ असतो, फेस बाहेरच्या दिशेने सरकत असतो. हे सगळं दादाने सांगितलं होतं. वहीत लिहिलंही होतं.

दोन-तीन मिनिटांत मावशीच्या घराकडची माडांची रांग लहान झाली. मी किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारायला लागले. किनारा जवळ येईना. दंड भरून आले. तेव्हा डोक्यात आई नव्हती, आबा नव्हते. फक्त धरणाचा भोंगा वाजत होता.

मग आठवलं. बोर्ड सोडायचा नाही, तो तरंगतो. ओढीच्या विरुद्ध पोहायचं नाही, तिच्याशी भांडून कोणी जिंकत नाही. किनाऱ्याला समांतर जायचं, ओढीचा पट्टा अरुंद असतो. आणि दम संपला असेल तर एक हात वर करून थांबायचं. मी बोर्डावर पालथी पडले, डावीकडे आडवं वल्हवायला लागले आणि मधेमधे हात वर केला. शिट्टी ऐकू आली. जीवरक्षक पोचला तोपर्यंत मी ओढीच्या बाहेर आले होते. बाकीचं अंतर त्याने आणि लाटांनी मिळून पार करून दिलं. तो ओरडला नाही. 'झेंड्यांच्या मधे पोहायचं, ताई,' एवढंच म्हणाला. ते जास्त लागलं.

रात्री व्हिडिओ कॉलवर मी आईला सगळं सांगितलं. लपवू शकले असते. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात जायचं होतं, आणि खोटं बोलून जायचं नव्हतं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'उद्या दादाबरोबरच जा.' 'परत ये' म्हणाली नाही. याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला कळेल.

पाऊस लवकर आला

मी ठरवून आले होते ३१ मेपर्यंत. पण २०२५चा पाऊस तुम्हालाही आठवत असेल. मान्सून २४ मेला केरळात आणि दोनच दिवसांत मुंबईपर्यंत पोचला. गोव्यात तर त्याच्याही आधीपासून समुद्र खवळला होता. २० तारखेला बोर्ड आवरून ठेवले, हंगाम संपला. पावसाळ्यातला अरबी समुद्र शिकाऊ माणसासाठी नाहीच. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीसुद्धा बंद असते. वडील रापणकार असलेला माणूस जिथे पाण्यात उतरत नाही, तिथे आपण कोण?

पण त्याआधी, १५ ते १९ मेच्या पाच सकाळी माझ्या होत्या. १९ तारखेला एक लाट मी स्वतः ओळखली, स्वतः वल्हवलं, मागून कोणी ढकललं नाही, आणि वाळूला लागेपर्यंत उभी राहिले. सगळ्या सुट्टीची कमाई म्हणाल तर ती एक लाट.

तुम्हाला जायचं असेल तर नीट ऐका. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. नवख्यांसाठी हिवाळ्यातल्या छोट्या लाटा बऱ्या. मेमध्ये समुद्र तापट होत जातो. सकाळी लवकर जा, दुपारी वारा सुटतो आणि पाणी विस्कटतं. आधी पोहायला शिका, निदान तरंगायला. शिकवणाऱ्याला तुमची खरी पातळी सांगा, माझ्यासारखं 'हो' म्हणू नका. पडताना डोकं हातांनी झाका, पाण्यात सूर मारू नका, आणि लाट व तुमच्यामध्ये बोर्ड कधी येऊ देऊ नका. एकटं जाऊ नका. लाल झेंडा असेल तर चहा प्या.

आणि हे फक्त परदेशी पर्यटकांचं खूळ आहे असं समजू नका. कर्नाटकात मुल्कीला २००४पासून सर्फ क्लब आहे. सर्फिंग टोकियो ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. ऑगस्ट २०२५मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं. २०२६च्या जपानमधल्या आशियाई खेळांत सर्फिंग पहिल्यांदाच येतंय. तेव्हा टीव्हीवर लाट बघाल, तेव्हा ती कुठे फुटणार ते आधी ओळखून बघा.

आबांचा भोपळा

घरी आले तेव्हा कोयनानगरला पाऊस लागला होता. आबा ओसरीत बसले होते. मी काही न बोलता त्यांच्या हातात मोबाइल दिला. मावशीच्या मुलाने काढलेला व्हिडिओ होता, १९ तारखेचा. त्यांनी दोनदा बघितला. मग विचारलं, 'ही फळी बुडत न्हाई व्हय?'

'नाही आबा. तरंगते. तिच्यावर आपण शिकायचं.'

'मग हा भोपळाच की आमचा.'

मला कळेना. मग ते सांगायला लागले. त्यांच्या गावाखाली कोयनेचा डोह होता. उन्हाळ्यात पोरांच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे आणि सरळ डोहात ढकलायचे. चार दिवस भोपळा, मग त्याच्याशिवाय. गावातलं प्रत्येक पोर असंच शिकलेलं. आबा डोह आडवा पोहून पलीकडे जायचे आणि करवंदं खाऊन परत यायचे.

वीस वर्षं मी या माणसाच्या घरात राहते आणि त्यांना पोहता येतं हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, 'मग पप्पांना का नाही शिकवलंत?'

आबा धरणाच्या दिशेने बघत म्हणाले, 'कुठं शिकवू? डोह ऱ्हायला का?'

धरणाने काय काय घेतलं याची यादी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. जमीन, घर, देऊळ. त्यात हे कोणी कधी धरलंच नव्हतं.

आता मी दर रविवारी धाकट्या भावाला घेऊन एसटीने कऱ्हाडला पोहण्याच्या तलावावर जाते. मागच्या महिन्यात आबाही आले. पाण्यात उतरले नाहीत, काठावर खुर्ची टाकून बसले. भावाने कठडा घट्ट धरला होता. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, 'अरं, हात सोड की! पाणी धरतंय तुला!'